इंदूर, दोनशे मिलिमीटरवरून : चार दिवस कृष्णधवल

डिसेंबरचा शेवटचा आठवडा, चार दिवस, तिघं जण. एका फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ७०-२०० ची एफ/४ लेन्स, दुसऱ्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ७०-३०० ची हलकी लेन्स. हे आकडे लेन्सच्या मिलिमीटरचे: आकडा मोठा तितकी लेन्स लांब, लांबचं जवळ आणणारी. ठरवलेले नियम दोनच: सगळं काम कृष्णधवल, आणि ७० मिलिमीटरच्या खाली उतरायचं नाही. पुण्याहून रात्रीची गाडी सकाळी इंदूरला पोचते. राजवाड्याच्या आसपास खोली घेतली की या लेखातली जवळजवळ सगळी ठिकाणं पायी होतात, म्हणून प्रवासाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

पहिला दिवस : राजवाड्याचा चौक

रस्त्यावरच्या फोटोंना ३५ किंवा ५० मिलिमीटरची लेन्स घ्यायची, हा रिवाज सगळ्यांना माहीत आहे. लांब लेन्स म्हटलं की लांबून लपून फोटो काढणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. राजवाड्यासमोर अर्धा तास उभं राहिलं की लांब लेन्सचं खरं काम कळतं. ती माणूस जवळ आणते, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे माणसामागची भिंत जवळ आणते.

हिशेब साधा आहे. ३५ ची लेन्स लावून माणसापासून साडेतीन मीटरवर उभे राहा, किंवा २०० ची लावून वीस मीटरवर. दोन्ही फ्रेममध्ये माणूस तेवढाच दिसतो. कॅमेरा उभा धरला तर दोन्हीकडे साधारण ३.६ मीटर उंचीचा तुकडा मावतो. आता त्या माणसाच्या मागे चाळीस मीटरवर राजवाडा आहे असं धरा. ३५ वर माणूस साडेतीन मीटरवर आणि वाडा साडेत्रेचाळीसवर, म्हणजे वाडा बारा पटींहून जास्त लांब. २०० वर माणूस वीसवर आणि वाडा साठवर, म्हणजे फक्त तिप्पट. त्यामुळे माणसाच्या तुलनेत वाडा चौपट मोठा दिसतो. ही करामत लेन्सच्या काचेची नाही, तुमच्या पायांची आहे. लांब उभे राहिलात म्हणून असं दिसतं, लेन्स फक्त बाकीचं कापून टाकते.

राजवाडा सात मजली. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या आगीत त्याचा मोठा भाग जळाला. आज दिसतं त्यात बरंच दुरुस्तीचं काम आहे. कृष्णधवलात दगड आणि लाकूड यांच्या छटा आपोआप वेगळ्या पडतात. दगड मधला राखाडी, सावलीतलं लाकूड जवळजवळ काळं. लांब लेन्सनं काम करताना आधी माणूस शोधायचा नाही, आधी मागची भिंत शोधायची. आम्ही खालच्या मजल्यावरची एक गडद कमान निवडली, तिच्यासमोर जमिनीवर उन्हाचा पट्टा कुठं पडतो ते पाहिलं आणि त्या पट्ट्यातून जाणाऱ्यांची वाट पाहत थांबलो. मागे काळोख, माणसावर कडेनं ऊन. असं असलं की राखाडीतही माणूस भिंतीपासून सुटून येतो. रंगीत फोटोत लाल ओढणी हिरव्या भिंतीपुढे उठून दिसते, पण कृष्णधवलात तोच लाल आणि तोच हिरवा एकाच राखाडी छटेत मिसळून जाऊ शकतात. म्हणून कॅमेऱ्याच्या पडद्यावर पहिल्यापासून मोनोक्रोम दिसेल असं ठेवायचं आणि फाइल मात्र रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं न घडवलेली कच्ची, घ्यायची. रॉमध्ये रंग शाबूत राहतात, आणि पुढं त्यांची गरज पडते.

सेटिंग : शटर १/१००० (ते उघडं राहण्याचा वेळ, सेकंदात), अ‍ॅपर्चर एफ/५.६ (लेन्सचं तोंड; आकडा मोठा तितकं ते लहान), आयएसओ (सेन्सर उजेडाला किती दाद देतो तो आकडा) ऑटो, एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉपनं खाली; एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा. काळी कमान बघून कॅमेरा फ्रेम उजळ करू पाहतो आणि पांढरा सदरा जळून जातो, त्यासाठी हे खाली आणणं. शटरबद्दल थोडं अधिक. वीस मीटरवरून आडवा चालत जाणारा माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर सरकतो, म्हणजे २०० मिलिमीटरवर त्याची प्रतिमा सेन्सरवर सेकंदाला १४ मिलिमीटर धावते. १/५०० ला ती ०.०२८ मिलिमीटर सरकलेली असते. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरवर हे चार-पाच पिक्सेल होतात. फोनवर काही कळणार नाही, मोठ्या छपाईत कळेल. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सावरतं, समोरच्याची चाल थांबवत नाही. समोरून सरळ तुमच्याकडे येणाऱ्या माणसाला १/२५० पुरतं, कारण फ्रेममध्ये तो आडवा फारसा सरकत नाही.

सगळ्यांत मोठी अडचण फोकसची. चौकात माणसं सतत मधून जातात आणि कॅमेरा लगेच त्यांच्यावर उडी मारतो. चेहरा ओळखणारा फोकस गर्दीत निरुपयोगी, तो दर सेकंदाला नवा चेहरा पकडतो. एकच लहान फोकस-बिंदू, सतत फोकस, आणि मेन्यूमध्ये मध्ये आलेल्या अडथळ्याला किती लवकर दाद द्यायची याचं सेटिंग असतं, ते सर्वांत सुस्त बाजूला. अनेक लांब लेन्सवर फोकसचं अंतर मर्यादित करणारा खटका असतो, तो लांबच्या टप्प्यावर ठेवला की नाकासमोरून गेलेल्या रिक्षाकडे लेन्स वळतच नाही.

खांबाला टेकून पाऊण तास झाल्यावर शेजारी फुलांची टोपली घेऊन बसलेल्या आजी मराठीत म्हणाल्या, "केव्हाचा उभा राहून राहिला आहेस रे, पाय नाही दुखत? बस की इथं." इंदुरी मराठीतलं हे 'राहून राहिला' कानाला फार गोड लागतं. काय चाललंय ते त्यांना सांगितलं, कमान दाखवली. त्यांनी न बघताच मान हलवली. "तिथं आता नाही थांबायचं. थोड्या वेळानं ऊन इकडं सरकतं, मग मी टोपली पलीकडे नेते. फुलं कोमेजतात ना." रोज त्याच जागेवर टोपली ठेवणाऱ्या बाईला ऊन कुठं, कधी येतं हे मिनिटाच्या हिशेबानं ठाऊक असतं. फोनवरचं कुठलंही सूर्याचं अ‍ॅप मधल्या पिंपळाची आणि समोरच्या जाहिरात-फलकाची सावली सांगत नाही. नव्या चौकात गेलात की फुलवाली, भाजीवाला, चांभार यांना आधी विचारा.

आजी म्हणाल्या तसंच ऊन सरकलं. त्या पंधरा मिनिटांत नऊ फ्रेम मिळाल्या, त्यातली एक ठेवण्यासारखी आहे. डोक्यावर रिकाम्या पाट्यांची चळत घेतलेला हमाल, आणि मागे अख्खा लाकडी मजला. डिसेंबरअखेर इथं पावणेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, साडेपाचनंतर चौकात आयएसओ ३२०० च्या खाली काम होत नाही.

दुसरा दिवस : पोहे, बर्तन बाजार आणि एक चूक

इंदूरची सकाळ पोह्यांची. महाराष्ट्रातल्या कांदेपोह्यांसारखे ते कढईत परतून ताटात येत नाहीत. खाली उकळत्या पाण्याचं भांडं, वर पोह्यांची परात, वाफेवर पोहे गरम राहतात. वरून बारीक शेव, कच्चा कांदा, जिरावन मसाला, लिंबू, आणि शेजारी गरम जिलबी. थंडीत त्या परातीवरून उठणारी वाफ हा कृष्णधवलाचा हुकमी विषय आहे, फक्त दोन गोष्टी जुळायला हव्यात: ऊन वाफेच्या मागून यायला हवं आणि मागची भिंत सावलीत हवी. मागे उजळ आकाश असेल तर वाफ दिसतच नाही. दहा मीटरवरून २०० मिलिमीटरला एफ/४ ठेवलं तर स्वच्छ फोकसची पट्टी जेमतेम ६० सेंटिमीटर मिळते. फोकस पोहे वाढणाऱ्या हातावर धरायचा, वाफ थोडी मऊ राहिली तरी चालते. भट्टीच्या वरून पलीकडच्या माणसाचा फोटो मात्र काढू नका. गरम हवेतून चेहरा पाण्यात बघितल्यासारखा हलतो.

दहाला बर्तन बाजार. राजवाड्याला लागूनच असलेल्या या गल्लीत दोन्ही बाजूंना हंडे, परातींच्या थप्प्या, टांगलेल्या कळशा, समया. गल्ली अरुंद असल्यानं थेट ऊन खाली पोचत नाही, वरच्या उघड्या आकाशाचा मऊ उजेड सगळीकडे सारखा पसरतो. धातूच्या फोटोला हाच उजेड हवा. थेट उन्हात भांड्यावर चमकीचे पांढरे ठिपके पडतात आणि त्या ठिपक्यांत धातूचा स्वतःचा रंग उरत नाही.

गल्लीच्या तोंडाशी उभं राहून १५० ते २०० मिलिमीटरवर आतल्या बाजूला बघितलं की वीस-पंचवीस मीटरवरची दहा दुकानं एकमेकांवर रचल्यासारखी दिसतात. इथं अ‍ॅपर्चर एफ/८ ठेवलं. वीस मीटरवर एफ/४ ला फोकसची पट्टी साधारण २.४ मीटर असते, एफ/८ ला जवळपास पाच मीटर, म्हणजे निदान दोन दुकानं नीट दिसतात. भांडी कुठं जात नाहीत, शटर १/२५० वर आणता येतं. मधे एखादा भारवाहक आला तर त्याची थोडी हललेली आकृती इथं बिघडवत नाही, उलट गल्ली जिवंत वाटते.

तिसऱ्या दुकानातले काका घरात मराठी बोलणारे निघाले. त्यांनी स्टूल दिलं, चहा मागवला, आणि पडद्यावर फोटो बघून सरळ विचारलं, "यात तांब्याचं कुठलं आणि पितळेचं कुठलं?"

प्रश्न अगदी खरा होता. फोटोत डावीकडे तांब्याचा हंडा, मधे पितळेची कळशी, उजवीकडे स्टीलची टाकी. तिन्ही एकाच राखाडी छटेत. या माणसाचं अख्खं आयुष्य त्या फरकावर चालतं आणि आमच्या फोटोनं तोच पुसून टाकला होता.

काकांनी हंडा आणि कळशी शेजारी शेजारी ठेवून दाखवली. तांबं लालसर, पितळ पिवळं, एवढं कुणालाही दिसतं. प्रकाशाच्या भाषेत सांगायचं तर तांबं लाल प्रकाश भरपूर परत पाठवतं आणि हिरव्यापासून पुढं शोषत जातं. पितळ लाल आणि हिरवा दोन्ही परत पाठवतं, निळा शोषतं. स्टील सगळे रंग जवळपास सारखे परत पाठवतं. म्हणून कॅमेऱ्याच्या मोनोक्रोममध्ये लाल फिल्टरचं सेटिंग निवडलं तर तिन्ही धातू उजळ होतात, फरक फारसा उरत नाही. हिरवा फिल्टर निवडला तर तांबं गडद होतं, पितळ उजळ राहतं. पितळ आणि स्टील वेगळं काढायचं तर निळ्यावर काम करावं लागतं, तिथं पितळ काळवंडतं आणि स्टील तसंच राहतं. आकाश गडद करायला आणि चेहरे उजळायला लाल-नारिंगी फिल्टर लावायची सवय छायाचित्रकारांना पुस्तकांतून लागते. भांड्यांच्या गल्लीत ती सवय सोडावी लागते.

तिथल्या तिथं सेटिंग हिरव्यावर केलं आणि पुन्हा तीन फ्रेम घेतल्या. काकांनी पडदा डोळ्यांजवळ धरला. "आता हंडा हंडा दिसतो. पण कळशी अजून मळकट आहे. चिंच लावून घासली नाही असं वाटतं." कळशीवर समोरच्या दुकानाच्या काळ्या शटरचं प्रतिबिंब पडलं होतं. चकचकीत धातूचा राखाडी रंग निम्मा त्याचा स्वतःचा असतो, निम्मा समोरच्या वस्तूचा. दोन पावलं उजवीकडे सरकल्यावर कळशीत पांढरी भिंत आली आणि ती उजळली. इथं लांब लेन्स उपयोगी पडते: आपण वीस मीटरवर असल्यानं भांड्यात आपलं प्रतिबिंब नजरेत भरेल एवढं येत नाही. ३५ च्या लेन्सनं काढलं असतं तर प्रत्येक कळशीच्या पोटात एकेक छायाचित्रकार दिसला असता.

फोटो छापून पाठवायचं काकांना कबूल केलं, पत्ता लिहून घेतला.

संध्याकाळी सराफा. दिवसा सोन्या-चांदीची पेढी, रात्री त्याच ओट्यांवर खाऊगल्ली. दिवसा इथं लांब लेन्स बाहेर काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दागिन्यांच्या गल्ल्यावर लांबून रोखलेली नळी कुणालाही आवडणार नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. रात्री साडेनऊनंतर वातावरण पूर्ण बदलतं. गराडू हे हिवाळ्यातलं खाणं, कंदाचे तुकडे तळून त्यावर जिरावन आणि लिंबू. भुट्ट्याचा किस म्हणजे मक्याचं कणीस किसून तुपात, दुधात शिजवलेला, वर खोबरं-कोथिंबीर. भोवती परातीएवढे जलेबे, आणि दहीवड्याचा दोना हवेत उंच फेकून झेलणारे.

चूक इथंच झाली. खाणाऱ्यांना आवाजानं त्रास नको म्हणून कॅमेरा मूक, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर ठेवला आणि शटर १/८०० वर. खोलीवर येऊन मोठ्या पडद्यावर पाहिलं तर ऐंशीच्या वर फ्रेममध्ये आडवे काळे-पांढरे पट्टे. कारण असं: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिच्यावर चालणारे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. इलेक्ट्रॉनिक शटर चित्र वरून खाली ओळीओळीनं वाचतं, त्यामुळे काही ओळी उजेडात वाचल्या जातात, काही अंधारात. कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर हे जवळजवळ कळत नाही, म्हणून पहिल्या पाच फ्रेम मोठ्या करून बघायलाच हव्यात. कृष्णधवलात हे पट्टे काढता येत नाहीत. एकसारख्या भिंतीवर ते पुसता येतील, चेहऱ्यावर नाही.

तिसरा दिवस : छत्र्या, झळ, आणि पुन्हा सराफा

सकाळी सातला कृष्णपुऱ्याच्या पुलावर. खान नदीच्या काठावरच्या या होळकरांच्या छत्र्या, म्हणजे स्मारकं. भिंतींवर कोरलेले सैनिक आणि वादक पुलावरून ३०० मिलिमीटरला अगदी स्वच्छ दिसतात. थंडीतल्या धुरकट हवेत लांबचं सगळं पांढुरकं होतं. मागचा थर उजळ, पुढचा गडद अशी पायरी हवीच असेल तर धुकं तसंच ठेवायचं. नको असेल तर घरी रॉ फाइलचं कृष्णधवलात रूपांतर करताना निळा खाली ओढायचा, म्हणजे गडद करायचा, कारण धुरकटपणाचा मोठा वाटा निळ्या प्रकाशात असतो. अति ओढलं तर छतांच्या कडेला पांढरी रेघ उमटते, ती दिसली की थोडं मागं यायचं. पुलावर वाहनं गेली की कठडा थरथरतो, त्यामुळे कठड्यावर लेन्स टेकवू नका. हातात धरलेली लेन्स इथं जास्त स्थिर राहते.

नदीवर अंघोळ करणारे, धुणं धुणाऱ्या बाया, उघडी मुलं यांच्याकडे लेन्स वळवायची नाही, हा आमचा नियम. लांबून काढता येतं म्हणजे काढावं असं नाही. बाकीच्यांच्या बाबतीत आम्ही एकच रीत पाळतो: फ्रेम झाली की कॅमेरा खाली करायचा, त्या माणसाकडे बघायचं, आणि शक्य असेल तर चालत जाऊन दाखवायचं. वीस मीटर चालायला पंधरा सेकंद लागतात. पुसायला सांगितलं तर त्यांच्यासमोरच पुसायचं. लांब लेन्सचं बदनाम नाव या वीस मीटरांतच धुऊन निघतं.

इथली एक छत्री दुसऱ्या तुकोजीराव होळकरांची. भारतीय छायाचित्रणाशी त्यांचा थेट संबंध आहे. पुढं नामवंत छायाचित्रकार झालेले लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रकांच्या कामावर आले, १८७४ च्या सुमारास त्यांनी इथंच कॅमेरा हाती घेतला, आणि तुकोजीरावांनी त्यांना प्रोत्साहन दिलं. ब्रिटिश अधिकारी सर हेन्री डेली यांनीही त्यांना पुढं आणलं. त्या काळच्या काचेच्या प्लेट निळ्या प्रकाशालाच प्रामुख्यानं दाद द्यायच्या. म्हणून जुन्या फोटोंत निळं आकाश कोरं पांढरं दिसतं आणि लाल-पिवळे कपडे काळे पडतात. तांबं, पितळ आणि स्टील त्या प्लेटवर ठेवलं असतं तर पहिली दोन जवळजवळ सारखीच काळी आणि स्टील तेवढं उजळ आलं असतं. कुठल्या रंगाचा कुठला राखाडी होणार, हे त्यांच्यासाठी प्लेट ठरवायची. आपल्याला ते स्वतः ठरवावं लागतं, आणि न ठरवता सोडलं की काकांच्या दुकानासारखं होतं.

दुपारी गांधी हॉलचा परिसर. १९०४ ची इमारत, घड्याळाच्या मनोऱ्यामुळे जुने लोक तिला घंटाघर म्हणतात. समोरच्या रस्त्यावर ऐंशीएक मीटरवरून ३०० ला काढलेल्या सगळ्या फ्रेम मऊ आल्या. लेन्स बिघडली की हवा, हे ओळखायची सोपी कसोटी: कॅमेरा न हलवता दहा फ्रेम सलग घ्या. फोकस चुकला असेल तर दहाही सारख्याच मऊ असतील. प्रत्येक फ्रेममध्ये कडा वेगळ्या ठिकाणी वाकड्या झाल्या असतील तर ती डांबरावरून उठणारी झळ. थंडीच्या दिवसांतही बारा ते तीन ती असते. तिला लेन्स, फिल्टर, ट्रायपॉड कशाचाही इलाज नाही. एक तर जवळ जा, नाही तर उंचावर जा म्हणजे नजर रस्त्याला घासून जात नाही, नाही तर जेवायला जा. आम्ही तिसरा पर्याय घेतला.

खोलीच्या उघड्या खिडकीतूनही हेच होतं. आतली उबदार हवा बाहेर पडताना फ्रेम हलवते. बंद काचेतून काढायचं तर लेन्स काचेला काटकोनात, तिरकी नको.

रात्री सराफ्यात परत. या वेळी यांत्रिक शटर, १/१००, एफ/४, आयएसओ ३२००, स्टॅबिलायझेशन चालू. १/१०० म्हणजे दिव्याच्या उजेड-मंदीचा एक पूर्ण फेरा, त्यामुळे प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो आणि पट्टे येत नाहीत. काही कॅमेऱ्यांत झगमग टाळण्याचं सेटिंग असतं, तेही चालू ठेवावं.

पण १/१०० ला हवेत उडवलेला दोना कसा गोठवायचा? उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. वर फेकलेली वस्तू सर्वांत उंच जागी क्षणभर जवळजवळ थांबते. त्या टोकाच्या आधीच्या आणि नंतरच्या एक-विसांश सेकंदात ती फक्त सव्वा सेंटिमीटर सरकते, आणि १/१०० च्या शटरमध्ये तर मिलिमीटरचा दशांश. दोन मीटर उंच फेकलेला दोना टोकाला पोचायला ०.६ सेकंदांहून थोडा जास्त वेळ घेतो. माणसाचं बोट हुकूम मिळाल्यावर साधारण एक-पंचमांश सेकंद उशिरा दाबतं. म्हणून दोना वर पोचल्यावर बटण दाबायचं नाही, तो अजून चढत असताना दाबायचं. दोना हातातून सुटला की मनात 'एक' म्हणायचं आणि दाबायचं. फोकस आधीच त्या उंचीवरच्या फलकावर धरून कुलूपबंद.

पहिले सहा प्रयत्न वाया गेले, दोना वरच्या कडेला कापला जात होता. मग आडवा कॅमेरा उभा केला. दोना फेकणाऱ्यानं हे बघितलं आणि ओरडला, "भिया, कितना ऊपर चाहिए?" त्याला हातानं उंची दाखवली. पुढच्या चारही फेका बरोबर त्या उंचीवर. दही एक थेंब सांडलं नाही. चौथ्या फ्रेममध्ये दोना काळ्या आकाशात एकटा, खाली वर बघणारे सात चेहरे, एका लहान मुलीचं तोंड उघडं. फ्रेम झाल्यावर त्यानं गिऱ्हाइकांना थांबवून स्वतः आधी ती पाहिली, मग दोन दहीवडे दिले आणि पैसे घ्यायला तयार होईना. पैसे त्याच्या गल्ल्यावर ठेवून निघालो.

चौथा दिवस : खजुरी बाजार आणि घरी परत

सकाळचे दोन तास खजुरी बाजारात, पुस्तकांच्या दुकानांत. पुस्तकांच्या गठ्ठ्यांच्या कडा लांब लेन्सनं दाबल्या की आडव्या रेघांची सुंदर जाळी होते, पण गल्लीत गर्दी फार, अंतर मिळत नाही. १०० च्या वर जाताच आलं नाही. दुसऱ्यांदा गेलो तर इथं जाणार नाही, तो वेळ बर्तन बाजाराला देईन. दुपारची गाडी.

घरी रूपांतर करताना बर्तन बाजाराच्या फ्रेमला सर्वांत जास्त वेळ लागला. रॉ फाइलमध्ये नारिंगी ४० नं खाली, पिवळा ३५ नं वर, निळा १५ नं खाली. एवढं केल्यावर हंडा गडद, कळशी उजळ, टाकी मधल्या राखाडीत आली. पिवळा याहून वर नेला तर कळशीच्या सावलीत दाणे फुटायला लागले. तिथं थांबलो आणि उरलेलं काम कळशीपुरता भाग निवडून थोडा कॉन्ट्रास्ट वाढवून केलं. मॅट कागदावर बारा बाय अठरा इंचांची प्रत काढली. चकचकीत कागद मुद्दाम टाळला. धातूची चमक कागदाच्या चमकेत हरवते.

प्रत काकांना पोस्टानं पाठवली. आठवड्यानं त्यांचा फोन आला. प्रत दुकानात गल्ल्याच्या मागं लावली आहे, येणारी गिऱ्हाइकं बघतात, हे सांगून झाल्यावर म्हणाले, "हंडा बरोबर, कळशी बरोबर. पण डाव्या कोपऱ्यातलं पातेलं बघा. त्याला आतून नवी कल्हई आहे. ते याहून पांढरं हवं."

फाइल उघडून पाहिली. पातेलं खरंच मळकट होतं.